पानावरची लव, सरकीवरचा कापूस

विदर्भात वेचणीच्या दिवसांत फुटलेल्या बोंडातून हाती येणारा कापूस हा खरे तर सरकीच्या त्वचेवर उगवलेला केस असतो. त्यातला प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. फूल उमलते त्या सुमारास ती बीजांडाच्या बाह्यत्वचेतून डोके वर काढते आणि पुढे दोन ते तीन सेंटिमीटर लांब वाढते. शेजारच्या पेशीत हुबेहूब तीच जनुके असूनही ती मात्र सपाटच राहते.

असे का होते, याचा उलगडा कापसाआधी झाला तो मोहरीच्या कुळातील अरॅबिडोप्सिस या चिमुकल्या तणात.  त्याच्या पानावरचा प्रत्येक केस एकपेशीय असून त्याला बहुधा तीन फाटे असतात. विभाजन न होताच केंद्रकातील डीएनए पुनःपुन्हा दुप्पट होत गेल्याने तो सोळापटीपर्यंत पोहोचतो. या केसाची सुरुवात करून देणारे 'ग्लॅब्रा-१' हे जनुक 1989 मध्ये वेगळे करण्यात आले. लॅटिनमध्ये ग्लॅब्रा म्हणजे तुळतुळीत. जनुक बिघडले की काय नाहीसे होते, त्यावरून नाव ठेवण्याची जनुकशास्त्रज्ञांची रीत असल्याने केस उगवणाऱ्या जनुकालाच असे नाव मिळाले.

ग्लॅब्रा-१चे प्रथिन एकटे काही करू शकत नाही. 'ग्लॅब्रा-३' आणि 'टीटीजी-१' यांच्या प्रथिनांशी त्याची जोड जमली, तरच केसाला लागणारी पुढची जनुके जागी होतात. मात्र हेच त्रिकूट 'ट्रिप्टिकॉन' आणि 'कॅप्रिस' ही विरोधी प्रथिनेही तयार करवते. ती शेजारच्या पेशींत शिरून ग्लॅब्रा-१ची जागा अडवतात आणि तिथले त्रिकूट निकामी करतात. म्हणजे आरंभी सगळ्या पेशी सारख्याच, पण जिला किंचित आघाडी मिळते ती स्वतः केस होते आणि भोवतालच्यांना होऊ देत नाही. ट्रिप्टिकॉन बिघडले की एकाच जागी केसांचे झुबके दिसतात.

मुळांवर तर याच यंत्रणेचा अर्थ उलटा होतो: तिथे ग्लॅब्रा-१चे भावंड शोभणारे 'वेअरवुल्फ' केसांना रोखते आणि कॅप्रिस केस येऊ देते.

2004 मध्ये चिनी संशोधकांनी देशी कापसाच्या तंतूतील एक 'मिब' जनुक (इतर जनुकांना चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांच्या ज्या कुळात ग्लॅब्रा-१ मोडते, त्यातलेच) अरॅबिडोप्सिसच्या केशहीन रोपात घातले, तेव्हा त्याच्या पानांवर पुन्हा केस आले. त्यावरून दोन्हींची यंत्रणा एकच आहे, असे म्हणणे घाईचे ठरले असते. कापसाच्या तंतूंची सुरुवात मुख्यत्वे मिब जनुकांच्या दुसऱ्या एका शाखेवर अवलंबून असल्याचे पुढे दिसून आले.

कापूस पैदासकारांचे लक्ष सरकीइतकेच पानावरही असते. दाट लव असलेल्या पानांवर तुडतुड्यांचा उपद्रव कमी होतो, परंतु पांढरी माशी अशाच पानांवर अधिक अंडी घालते. शिवाय लवेमुळे वाळलेल्या पानांचा कचरा रुईला चिकटून राहतो.