प्रॉक्सी फायरवॉलच्या आत की बाहेर?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली तुमचा एकच धोशा, प्रॉक्सी फायरवॉलच्या आत लावायचा की बाहेर. आत. नाहीतर डीएमझेडमध्ये, म्हणजे फायरवॉलच्याच वेगळ्या पोर्टवर (केबल लावायच्या सॉकेटवर), आतल्या नेटवर्कपासून अलग ठेवलेल्या भागात. प्रॉक्सी म्हणजे आतल्या पीसींच्या वतीने वेबसाइट आणून देणारा आणि कोणी काय उघडलं त्याचा लॉग ठेवणारा सर्व्हर, आणि फायरवॉल म्हणजे आपलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधला दरवान. पुढे जाऊ.

बाहेर का नको, तर एक, तो उघड्यावर पडतो, स्क्विडचा, म्हणजे प्रॉक्सीच्या सॉफ्टवेअरचा, ३१२८ नंबरचा पोर्ट जगाला दिसला आणि एसीएल, म्हणजे कोणाला वापरू द्यायचं ती यादी, जरा ढिली राहिली की कोणीही तुमच्या आयपीवरून नेट वापरणार. दुसरं, फायरवॉल नॅट करतो ना, म्हणजे आतल्या सगळ्यांचे आयपी झाकून बाहेर स्वतःचाच दाखवतो, मग आत ४० पीसी असले तरी बाहेरच्या प्रॉक्सीच्या लॉगमध्ये एकच आयपी, फायरवॉलचा. कोणी काय उघडलं ते शोधणार कसं?

पण आत लावला म्हणजे झालं असं नाही, आणि इथेच माझं डोकं फिरतं! फोंड्याला एका ऑफिसात बोलावलं होतं, भर पावसात गेलो, प्रॉक्सी आत, स्क्विड चालू, ब्राउझरात सेटिंग घातलेली. लॉग उघडला तर दिवसभराच्या मोजून १०-१२ ओळी. एका पोराने सेटिंगमधली टिक काढलेली आणि सगळ्यांना शिकवलेलं. आणि फायरवॉलवर रूल काय, तर लॅन टू वॅन, एनी, अलाऊ! म्हणजे ऑफिसातून कोणीही थेट बाहेर कुठेही जा!

अरे, ८० आणि ४४३, म्हणजे वेबसाइटच्या पोर्टवरून बाहेर जायची परवानगी फक्त प्रॉक्सीच्या आयपीला द्या. अख्ख्या लॅनला नाही, प्रॉक्सीला. तो रूल वर, आणि त्याच्या खाली बाकी लॅनला डिनाय, त्यात यूडीपी ४४३ पण आला पाहिजे, क्रोम क्विक नावाच्या, यूडीपीवर चालणाऱ्या प्रोटोकॉलने तिथून निसटतो. आता हेच उलटं करून बघा, एखाद्या पीसीवरची प्रॉक्सी सेटिंग काढा, नेट बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर तुमचा प्रॉक्सी नुसता नावाला बसलाय.

एकाने कमेंटमध्ये विचारलंय, कळंगुटला हॉटेल आहे, पाहुण्यांना सेटिंग कुठे सांगत बसू? नका सांगू हो, गेस्ट वायफायला वेगळा व्हीलॅन करा, म्हणजे त्याच स्विच-केबलवर अलग केलेलं नेटवर्क, आणि त्याचे रूल वेगळे ठेवा, ऑफिसच्या लॅनला त्याचा हात लागता कामा नये.

वेबसाइटपुढचा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांच्या रिक्वेस्ट आपल्या वेबसाइटकडे पोचवणारा, तो वेगळा विषय, तो डीएमझेडमध्ये. त्याच्यावर चवथीनंतर बसू.