जायफळाचा नर

ही गुहागरची आमची वाडी, मागे समुद्र ऐकू येतोय. माड-पोफळीच्या सावलीत जायफळं उभी आहेत. कॅमेरा जवळ नेते, बघा, नखाएवढं पिवळसर फूल, मेणाचं केल्यासारखं, मान खाली घातलेलं. आता वरच्या फांदीवर या, इथे पण तसंच फूल पण घोसात. खालचं मादी, हे नर. आणि खरं तर जायफळात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, बी लावलं तर सहा-सात वर्षं कळतच नाही काय निघणार.

आमच्याकडे एकच नर होता. एवढी वर्षं वाढवला, एक फळ नाही, जागा अडवतोय म्हणून काकांनी तोडला. पुढच्या वर्षी मादी झाडं फुलांनी भरली आणि फुलं तशीच गळली. खत घातलं, पाणी वाढवलं, पण पराग यायचा कुठून हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, मला अजून त्या झाडाचं वाईट वाटतं.

परागीभवन म्हणजे नर फुलातला पराग मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग धरणाऱ्या भागावर, पोचणं. पोचला की तो रुजतो, त्यातून बारीक नळी निघते, ती आत बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं तिथपर्यंत, जाते आणि मग नर-मादी पेशी एकत्र येतात, म्हणजे फलन होतं. परागीभवन आणि फलन एकच समजू नका हं, पराग पोचला तरी फळ धरेलच असं नाही.

पण पोचवणार कोण? माडाला वारा आणि मधमाश्या दोन्ही चालतात. हापूसच्या मोहोरावर साध्या माश्या घोंगावतात ना, त्यांचं काम फार मोठं आहे, म्हणून मोहोर फुललेला असताना फवारणी जपून करा. जायफळाची वाहतूक बारीक भुंगेरे करतात, तीही रात्री! नर फुलात पराग खायला शिरतात, अंगाला माखून निघतात, आणि मादी फूल हुबेहूब तसंच दिसतं म्हणून फसून तिथेही जातात. तिथे खायला काहीच नसतं, पण झाडाचं काम झालेलं असतं.

ही गाठ दिसली? नर परत लावून वाट बघण्यापेक्षा आम्ही दुसऱ्या वाडीतल्या नराची काडी आणून मादी झाडावरच कलम बांधलं, मघाशी बघितलेले घोस त्याच फांदीचे. आणि हे त्याच्या शेजारचं फळ, फूल धरल्यापासून साधारण नऊ महिने झालेत, आज सकाळीच उकललंय, आत लालभडक जायपत्री.