पाद्री साहेब होण्याआधी

(दृश्य: पहाट. नगर रोड, सेमिनरीचं फाटक, आतलं मैदान.)

निवेदन:

पहाटेचे साडेपाच. नगर रोडवर खराडीकडे निघालेल्या कंपन्यांच्या बस सुरू झाल्यात. रामवाडीच्या या कुंपणाच्या आत विद्यार्थी एकेक करत चॅपलकडे निघालेत. त्यांच्याही आधी उठलेला एक जण मैदानाला फेऱ्या मारतोय.

हे ब्रदर. याजक, म्हणजे पाद्री, व्हायचं शिक्षण घेणाऱ्याला सेमिनरीत ब्रदर म्हणतात. दीक्षा झाली की फादर. त्यांचं नाव या फिल्ममध्ये घेऊ नये, अशी त्यांचीच विनंती होती.

1600 मीटर, 8 मिनिटांच्या आत. हा आकडा आलाय भारतीय सैन्याच्या भरतीच्या जाहिरातीतून. आपल्या सैन्यात जवानांसाठी धर्मगुरू असतात. कागदोपत्री त्यांना रिलिजस टीचर म्हणतात, हुद्दा नायब सुभेदाराचा. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू. गोरखा पलटणींसाठी वेगळे पंडित, लडाख स्काउट्ससाठी शिया मौलवी आणि महायान भिक्खू. यांतल्या प्रत्येकाला निवडीआधी धावून दाखवावं लागतं.

(बाइट, ब्रदर, धाप लागलेली:)
"आज सात चाळीस. थंडीत बरं पळता येतं. मे महिन्यात विचारा मला."

(दृश्य: चॅपल. सकाळची मिस्सा. पेटीवर मराठी गीत.)

निवेदन:

ही पेपल सेमिनरी. पोप तेरावे लिओ यांनी 1893 साली ती श्रीलंकेत, कँडीला सुरू केली. 1955 साली ती पुण्यात आली. देशभरातल्या धर्मप्रांतांतून, म्हणजे एकेका बिशपांच्या हाताखालच्या भागांतून, इथं मुलं येतात. शेजारीच ज्ञानदीप विद्यापीठात त्यांचे तत्त्वज्ञानाचे आणि ईशज्ञानाचे वर्ग भरतात.

याजक होणं हे लवकर उरकण्याचं काम नाही. आधी आपल्या धर्मप्रांताच्या छोट्या सेमिनरीत तयारी. मग तत्त्वज्ञानाची वर्षं. तिथं ॲरिस्टॉटलबरोबर सांख्य, वेदान्तही शिकावं लागतं. मग रीजन्सी, म्हणजे पुस्तकं बाजूला ठेवून एखाद्या शाळेत, वसतिगृहात किंवा खेड्यातल्या चर्चमध्ये प्रत्यक्ष काम. त्यानंतर ईशज्ञान: बायबल, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, धर्मसभेचा कायदा. आधी उपयाजक, आणि मग बिशपांच्या हातून याजकदीक्षा. दहावी-बारावीनंतर आलेला मुलगा वेदीपुढे उभा राहीपर्यंत बहुतेकदा तिशीकडे झुकलेला असतो.

आमचे ब्रदर ईशज्ञानाच्या शेवटच्या टप्प्यावर आहेत. गाव श्रीरामपूर तालुक्यात, हरेगावच्या जवळ. सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला हरेगावात जी गर्दी लोटते, तिच्यात लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते यायचे. ही यात्रा फक्त ख्रिस्ती लोकांची नाही, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मेणबत्ती लावायला सगळेच येतात.

(दृश्य: खोली. टेबलावर बायबल, हिंदी व्याकरणाचं पुस्तक, भिंतीला चिकटवलेली जाहिरातीची प्रत.)

ही जाहिरात नीट बघा. पाद्री पदासाठी उमेदवाराची याजकदीक्षा झालेली हवी, आणि स्थानिक बिशपांच्या मान्यताप्राप्त यादीत त्याचं नाव हवं. शिवाय पदवी आणि वयाची 25 वर्षं पूर्ण. काही देशांत सेमिनरीत असतानाच लष्कर विद्यार्थ्याला हाताशी धरतं. आपल्याकडे तसं नाही, आधी पूर्ण याजक व्हायचं, मगच अर्ज. सैन्यासाठी वेगळा कॅथलिक धर्मप्रांतही आपल्याकडे नाही. त्यामुळे ज्याला फौजेत जायचं, त्याला आपल्या बिशपांना सांगावं लागतं: मला सोडा. आणि ज्या धर्मप्रांतात एकेक फादर तीन-तीन खेडी सांभाळतो, तिथं हे मागणं सोपं नाही.

परीक्षेचे पेपर दोन. पहिला सामान्य ज्ञानाचा. दुसरा आपापल्या धर्मशास्त्राचा. शिवाय मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी.

जागा? 2022 सालच्या भरतीत सगळ्या धर्मांच्या मिळून 128 जागा होत्या. पाद्रींच्या 2.

(बाइट, ब्रदर:)
"सगळे विचारतात, दोन जागांसाठी एवढं कशाला? माझा मोठा भाऊ फौजेत आहे. एका नाताळला तो वर डोंगरात होता. त्याच्या कंपनीत ख्रिस्ती दोघंच, पाद्री नाही. पलटणीच्या पंडितजींनी कुठूनतरी हिंदी बायबल मिळवलं. येशूजन्माचा भाग त्यांनी स्वतः वाचला, दोघांसाठी. वाचताना नावं अडखळत होती म्हणे त्यांची, क्विरीनिय वगैरे. पण शेवटपर्यंत वाचलं. दादानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला वाटलं, हे आपण कुणासाठी तरी करायला पाहिजे. दुसऱ्या बाजूनं."

(दृश्य: बंकरजवळचं छोटं सर्व धर्म स्थल, भावाच्या फोनवरचं चित्रण. घंटा, शिखांचं निशान साहिब, क्रूस, एकाच छपराखाली.)

निवेदन:

हे चित्रण भावानं पाठवलेलं. सैन्यातला धर्मगुरू म्हणजे काय, हे सांगायला याहून जास्त काही लागत नाही. पत्र्याचं एक छप्पर, आत सगळे. जम्मू-काश्मीर लाइट इन्फंट्रीसारख्या पलटणींत तर मंदिर, मशीद, गुरुद्वारा शेजारी शेजारी नांदतात, त्याला जवान सहज 'एमएमजी' म्हणतात. रविवारी मंदिर परेड असते तेव्हा अधिकारी आपल्या जवानांचा जो धर्म, त्या धर्माच्या जागी त्यांच्यासोबत उभा राहतो.

धर्मगुरूची कामं जाहिरातीतच लिहिलेली आहेत. प्रवचन, विधी, अंत्यसंस्कार. रुग्णालयात आजाऱ्यांची विचारपूस, बऱ्या होत असलेल्यांबरोबर प्रार्थना. शिक्षा भोगत असलेल्या सैनिकाची भेट. यांतलं शेवटचं वाक्य ब्रदरांनी पेन्सिलीनं अधोरेखित केलंय. कोठडीतल्या जवानाला भेटायला जाणं हे धर्मगुरूचं कामच आहे.

(दृश्य: सेंट मेरी चर्च, पुणे कॅम्प. भिंतीवरच्या पितळी पाट्या, जवळून.)

पुण्याला फौजी धर्मगुरू नवे नाहीत. कॅम्पातलं हे सेंट मेरी चर्च 1825 साली बिशप हीबर यांच्या हस्ते अर्पण झालं. भिंतींवर पलटणींची नावं, तापानं गेलेले, लढाईत पडलेले. त्या काळचे चॅपलिन होते ते गोऱ्या सैनिकांसाठी, आणि त्यांचा पगार निघायचा हिंदुस्थानच्या तिजोरीतून. देशी पलटणींत पंडित, ग्रंथी, मौलवी तेव्हाही होते. स्वातंत्र्यानंतर चर्चचं ते सरकारी खातं गेलं, पलटणींतले धर्मगुरू राहिले. आज जो पाद्री नायब सुभेदार म्हणून भरती होतो, तो पंडितजींच्या आणि ग्रंथीजींच्या रांगेत, त्यांच्याच हुद्द्यावर उभा असतो. आमच्या मते ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

(दृश्य: खडकी वॉर सिमेटरी. हिरवळ, पांढऱ्या दगडांच्या रांगा.)

खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या 1,600 हून जास्त सैनिकांच्या कबरी आहेत. इथं ब्रदर दगडांवरची वयं वाचत चालतात. एकोणीस. बावीस. वीस. अंत्यविधीच्या प्रार्थना पाठ करायला त्यांना वर्गापेक्षा ही जागा बरी वाटते.

(दृश्य तसंच सोडा. निवेदन नाही, फक्त पावलांचा आवाज.)

(दृश्य: पुनर्वसन केंद्राचा व्हरांडा. चाकाची खुर्ची, पुस्तकाचा स्टँड.)

निवेदन:

खडकीतच पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. सेमिनरीत प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा बाहेर सेवेसाठी जावं लागतं. ब्रदरांनी हे ठिकाण मागून घेतलं.

हे काका साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. मानेखाली हालचाल नाही. पहिल्या भेटीत ब्रदरांनी विचारलं, प्रार्थना करू का? काका म्हणाले, प्रार्थना राहू दे, पेपर वाच. तेव्हापासून पेपर. आधी शेतीचं पान, कांद्याचा भाव, मग क्रिकेट. पान उलटायचं, स्टँडच्या चिमट्यात नीट बसवायचं, उजेड डोळ्यांवर येतोय का बघायचं. हे सगळं बघा, किती सावकाश चाललंय. महिनाभरानं काकांनी अभंग म्हणायला सांगितला. ब्रदरांना एक येत होता, हरेगावच्या शाळेत शिकलेला. मध्येच चाल चुकली, तेव्हा काकांनी ती दुरुस्त केली.

(बाइट, काका:)
"पोरगं बरं हाय. गळा नाही, पण बसतंय."

(दृश्य: वर्ग. फळ्यावर तारखा.)

निवेदन:

आता एक अवघड प्रश्न. दुसऱ्याच्या देवासमोर उभं राहायचं ते कसं, आणि स्वतःची श्रद्धा कुठं ठेवायची? याचं उत्तर शोधायला वर्गात 'नोस्त्रा एताते' वाचलं जातं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, हा जाहीरनामा 28 ऑक्टोबर 1965 चा. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते काहीही चर्च नाकारत नाही, असं त्यात म्हटलंय. ब्रदरांचं म्हणणं साधं आहे: पूजा माझी नाही, पण पूजा करणारा जवान माझा आहे. त्याच्या शेजारी जोडे काढून, डोकं झाकून उभं राहायला मला कसलीच अडचण नाही. त्यांच्या वर्गात सगळ्यांना हे पटतं असं नाही. या बाकावर बसलेल्या मित्राशी त्यांचा वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालला होता.

हा वाद पुस्तकी नाही. एका ख्रिस्ती लेफ्टनंटनं आपल्या शीख जवानांबरोबर गाभाऱ्यात जायला नकार दिला, नोकरी गेली, आणि 2025 साली सर्वोच्च न्यायालयानंही लष्कराचा निर्णय कायम ठेवला.

दुसरा प्रश्न गुपिताचा. कॅथलिक याजकानं पापनिवेदनात ऐकलेलं कुणालाही, कधीही सांगायचं नसतं. चर्चच्या कायद्यात याला अपवाद नाही, आणि मोडलं तर सर्वांत कडक शिक्षा आहे. पण पलटणीत कमांडिंग ऑफिसर असतो, आणि पाद्री त्याच्या हाताखाली असतो. समजा, एक जवान येऊन सांगतो की पहाऱ्यावर असताना तो झोपला. किंवा सांगतो, रायफल हातात आली की भलतेच विचार येतात. हा प्रसंग शिक्षकांनी वर्गात करून दाखवायला लावला. ब्रदर पाद्री, दुसरा विद्यार्थी जवान. कॅमेरा इथं जवळ आहे, ब्रदरांचे हात बघा.

(दृश्य: वर्गातला प्रसंग. मूळ आवाज.)

"मी कुणाला सांगणार नाही. पण तू सांगशील. आता माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल. मी दाराबाहेर थांबतो."

निवेदन:

फादर शिक्षकांनी एवढंच विचारलं: आणि तो नाही म्हणाला तर? ब्रदर म्हणाले, मग त्याच्याजवळच बसून राहीन.

युद्धात धर्मगुरूचं स्थान काय, हेही त्यांनी वाचून काढलंय. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या 24 व्या कलमात सैन्याबरोबरच्या धर्मगुरूंना वैद्यकीय पथकांच्या बरोबरीनं संरक्षण दिलंय. शत्रूच्या हाती सापडले तरी त्यांनी कैदेतल्या आपल्या माणसांची सेवा करत राहायची.

(दृश्य: बेळगाव. मराठा लाइट इन्फंट्री केंद्र, कसम परेड. संचलन, ध्वज, धर्मग्रंथ हाती घेतलेले धर्मगुरू.)

ही कसम परेड. प्रशिक्षण संपवलेले रंगरूट राष्ट्रध्वजासमोर, आपापल्या धर्मग्रंथाला साक्ष ठेवून शपथ घेतात. सगळे धर्मगुरू ग्रंथ घेऊन एका ओळीत येतात. ब्रदर प्रेक्षकांत बसलेत, उन्हात, भावाच्या जुन्या टोपीखाली. त्यांची नजर कुठं आहे ते दिसतंच आहे.

निवड झालीच तर पुढचं प्रशिक्षण पुन्हा पुण्यातच, राष्ट्रीय एकात्मता संस्थेत, पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्यासोबत, एकमेकांच्या प्रार्थना समजून घेत. मग बदली होईल तिकडं: नागा रेजिमेंट, आसाम रेजिमेंट, मद्रास रेजिमेंट, जिथं ख्रिस्ती जवान जास्त. हिंदी सुधारायला हवी, थोडी इंग्रजीही. आई म्हणते, एक गेलाय तो पुरे.

(दृश्य: सेमिनरीचं ऑफिस. ब्रदर एक पत्र पाकिटात घालतात.)

बिशपांना लिहिलेलं हे दुसरं पत्र. पहिल्याचं उत्तर आलंय. बिशप नाही म्हणालेले नाहीत. आधी दीक्षा होऊ दे, मग किमान दोन वर्षं गोदाकाठच्या खेड्यांत काम कर, तिथल्या माणसांचे अंत्यविधी कर, आजारी बघ, भांडणं सोडव, आणि त्यानंतरही मन तेच म्हणत असेल तर माझी सही घ्यायला ये, असं त्यांनी लिहिलंय. ब्रदरांनी दुसऱ्या पत्रात एकच विचारलंय: त्या दोन वर्षांत सकाळी धावायची परवानगी असेल ना?