मापाने शिवलेली चिप

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय आहे सडपातळ लॅपटॉपसाठी खास घडवलेले प्रोसेसर, म्हणजे संगणकाची सारी आकडेमोड करणाऱ्या चिपा. मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याची ऊब परिचयाची आहे, आणि आतला पंखा घरघरू लागला की यंत्र तापले, हेही कळते. तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच: लॅपटॉप जितका सडपातळ, तितकी आत पंख्याला जागा कमी, म्हणून चिप मुळातच कमी तापणारी हवी.

यासंबंधीचा एक प्रसंग मला फार आवडतो आणि तो सांगायचा म्हटला की थोडे मागे जावे लागते. जानेवारी 2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात ॲपलने इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारे पहिले संगणक दाखवले. त्या वेळी इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी कारखान्यातला नखशिखान्त पांढरा पोशाख घालून, हातात सिलिकॉनची चकचकीत चकती घेऊन, धुराच्या लोटातून रंगमंचावर आले. दोनच वर्षांनी, 15 जानेवारी 2008 रोजी, त्याच मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांनी कार्यालयात कागद घालतात तसल्या साध्या पाकिटातून मॅकबुक एअर हा सडपातळ लॅपटॉप बाहेर काढला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांनी पाकीट लक्षात ठेवले. मला मात्र त्यानंतर दाखवलेला मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे मुख्य भाग जिच्यावर बसवतात ती पाटी, अधिक मोलाचा वाटतो. शेजारी एक पेन्सिल ठेवली होती आणि संगणकाचा तो सारा कारभार जेमतेम तिच्या लांबीत मावला होता. ओटेलिनी पुन्हा मंचावर आले ते याच करामतीसाठी. ॲपलने त्यांच्याकडे कोअर टू ड्युओ हा इंटेलचा नेहमीचाच प्रोसेसर, पण पुष्कळ लहान करून मागितला होता.

आता इंटेलने नेमके केले काय? आतले सिलिकॉन, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा तुकडा, तेच ठेवले आणि भोवतीचे आवरण लहान केले. पुन्हा सांगतो: सिलिकॉन तेच, आवरण लहान. 35 मिलिमीटर बाजूचा चौकोन 22 मिलिमीटरवर आला, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 60 टक्क्यांनी घटले. त्याचबरोबर वेग 1.6 आणि 1.8 गिगाहर्ट्‌झवर ठेवून, चिप कमी व्होल्टेजवर चालवून, उष्णतेची मर्यादा नेहमीच्या 35 वॅटवरून 20 वॅटवर आणली. व्होल्टेजचा गुण असा की ते 10 टक्के उतरवले तर त्याच वेगाला चिपचे वीज खाणे जवळजवळ 19 टक्क्यांनी उतरते, कारण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते: 0.9 गुणिले 0.9 म्हणजे 0.81.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जाहिरातीत मिरवलेली 4 मिलिमीटर जाडी ही फक्त कडेची होती. मागच्या बाजूला तोच लॅपटॉप 19 मिलिमीटरहून जाड होता. जाडी नेहमी सर्वांत जाड जागी मोजून सांगावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि बॅटरी आत बंद करून टाकण्याची जी रीत त्यानंतर रूढ झाली, तीही मला आजतागायत पटलेली नाही.

शिवाय चिपवर एवढे करूनही उष्णता पुरती आटोक्यात आली नव्हतीच. व्हिडिओ पाहताना यंत्र तापते आणि प्रोसेसरच्या दोन गाभ्यांपैकी, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणाऱ्या भागांपैकी, एक बंद पडतो, अशा तक्रारी पहिल्या एअरबद्दल आल्या. दुसऱ्यासाठी शिवलेला सदरा उसवून आपल्या अंगाजोगा करून घेतला, तरी कुठेतरी काचतोच.

ॲपलने हे ओळखले असावे. मेळाव्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल 2008 मध्ये, ॲपलने पीए सेमी ही कमी विजेवर चालणाऱ्या चिपांची रचना करणारी छोटी कंपनी विकत घेतली आणि ती होती सांता क्लारा येथे, म्हणजे इंटेलचे मुख्यालय आहे त्याच गावात! पुढे आयफोन आणि आयपॅडच्या चिपांवर ॲपलची तालीम झाली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपलची एम1 ही लॅपटॉपची चिप आली. या वेळी केवळ आवरण नव्हे, सिलिकॉनही स्वतःच्या रचनेचे. पुन्हा सांगतो: 2008 मध्ये आवरण मापाचे, 2020 मध्ये सिलिकॉनच मापाचे. तैवानच्या टीएसएमसी या चिपा बनवणाऱ्या कंपनीने 5 नॅनोमीटर नावाच्या अतिसूक्ष्म तंत्राने बनवलेल्या या चिपमध्ये जड कामासाठी चार आणि हलक्या कामासाठी चार असे आठ गाभे होते, आणि चालू कामाची माहिती ठेवणारी मेमरीही (रॅम) त्याच आवरणात बसवलेली होती. एम1 घातलेल्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नव्हता.

इंटेलनेही 2024 मध्ये सडपातळ लॅपटॉपसाठी लुनार लेक ही प्रोसेसरांची मालिका आणली. तिच्यातही मेमरी आवरणातच आहे, 16 किंवा 32 गिगाबाइट, आणि तिचा मुख्य भाग टीएसएमसीच बनवते. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही. तेव्हा असा लॅपटॉप घेताना चार-पाच वर्षांनी आपल्याला किती मेमरी लागेल, याचा अंदाज दुकानातच बांधावा आणि पैसे मोजावेत. नमस्कार.