आतून घडणारा वाडगा

आज इथे चाकावर काम करणारे बरेच जण बसले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. चाकावर माती एकदा मध्यात बसली की भिंत भराभर वर येते, गोल येते, सारखी येते. जपानमधल्या क्योतोच्या राकू या कुंभार घराण्यात चहाचा वाडगा चाकावर काढतच नाहीत. मातीचा गोळा फळीवर तळव्यांनी थापायचा, चपटी चकती करायची आणि तिच्या कडा ओंजळीत घेऊन हळूहळू उभ्या करायच्या. भिंत जाडजूड, ओबडधोबड होते. ती तशीच राहू द्यायची.

ही रीत सोळाव्या शतकाच्या शेवटाकडची. या घराण्याचे मूळ पुरुष चोजिरो यांनी घडवलेला, १५७४ साल कोरलेला एक मातीचा सिंह आजही जपलेला आहे. चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांनी त्यांच्याकडून वाडगे घडवून घेतले. चोजिरो १५८९ मध्ये गेले, रिक्यू १५९१ मध्ये. एवढ्या थोड्या काळात जे ठरलं, ते त्या घराण्यात आजही चालू आहे.

माती अर्धवट सुकली की खरं काम सुरू होतं, ते तासण्याचं. माझं ठाम मत आहे की शिकणाऱ्याने आधी आतली बाजू पुरी करावी आणि बाहेरच्या आकाराकडे तोवर पाहूच नये. माचाची, म्हणजे हिरव्या चहाची पूड बांबूच्या घुसळणीने घुसळायची असते, तेव्हा तळाला मनगट मोकळं फिरेल एवढी जागा हवी. बरोबर मध्ये उथळ खळगा हवा, शेवटचा घोट तिथे जमतो. विधीत वाडगा ओल्या फडक्याने पुसतात, ते फडकं आतून कुठेही अडकता कामा नये. हे सगळं जमलं की बाहेरून तासायला घ्या. एका हातात पातं, दुसऱ्या हाताची बोटं आत, जाडी सतत चाचपत.

पातळ भिंत म्हणजे कसब, असं आपण मानतो. इथे ते चालत नाही. घट्ट चहाचा एकच वाडगा पाहुण्यांमध्ये हातोहात फिरतो, म्हणून चहा लवकर निवू नये आणि हातही पोळू नये. जाड, सच्छिद्र माती हे दोन्ही साधते. बुडाची कडी शेवटी कोरा, पण घाईने नको, कारण चहा संपला की पाहुणा वाडगा उलटा करून तीच निरखतो.

काळ्या राकूच्या झिलईत, म्हणजे काचेसारख्या लेपात, क्योतोतल्या कामो नदीचे दगड दळून घालतात आणि तिचे थरावर थर चढवतात. कोळशाच्या छोट्या भट्टीत एका वेळी एकच वाडगा, शेजारी भाता चालू. झिलई वितळली की लालबुंद वाडगा चिमट्याने बाहेर ओढतात. एकदम थंड झाल्यामुळेच तो काळा होतो, आणि चिमट्याची खूण अंगावर कायमची राहते. आपल्याकडे राकू म्हणून जे शिकवतात, म्हणजे तापलेलं भांडं भुशात टाकून धुरावणं, ती विसाव्या शतकातली अमेरिकी रीत आहे. सुंदर आहे, मलाही आवडते, पण तिच्यातून चहाचा वाडगा शिकता येत नाही.

राकू घराण्यात झिलईचं प्रमाण बाप मुलाला सांगत नाही. मुलाने ते स्वतः शोधायचं. मात्र वाडवडिलांनी साठवलेली माती त्याला मिळते. होनआमी कोएत्सु तर या घराण्यातलेही नव्हते, तलवारी पारखणाऱ्यांच्या कुळातले. राकू घराण्याकडे माती मागणारी त्यांची पत्रं उरली आहेत. वर पांढरा, खाली काळपट असा त्यांचा ‘फुजिसान’ वाडगा आज राष्ट्रीय ठेवा आहे. जपानमध्ये घडलेल्या चहाच्या वाडग्यांपैकी हा मान फक्त दोन वाडग्यांना आहे.

तेव्हा तुमचे सुरुवातीचे वाडगे भाजू नका. सुकत आले की तारेने उभे कापा आणि छेद बघा. बुडाशी माती कुठे जास्त उरली, काठाशी कुठे जास्त गेली, ते लगेच कळेल. मग तुकडे भिजत घाला आणि तीच माती पुन्हा मळायला घ्या.