भडंगातलं मीठ

[सांगली. सकाळ. कढईत लसूण तडतडतोय.]

भडंगाला मीठ कुणी मोजून घालत नाही. चिमूट तोंडात टाकायची, पुढचं हाताला कळतं. मावशी वर्षानुवर्षं हेच करत आल्या. त्या दिवशी मात्र लसणाचा वास आला, तिखट झोंबलं, पण मीठ काही लागेना. "मला वाटलं घालायचंच राहिलं." सुनेनं चाखलं. मीठ बरोबर होतं.

गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग शेक. रेडिएशनला इकडं शेकच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, एकूण 30. (मिश्रीचं, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचं विचारलं की मावशी म्हणतात, "दाताला तेवढी लावायचे.")

[जिभेचं जवळचं दृश्य.]

वास नाकाचा, झोंबणं वेदनेच्या नसांचं. खारट-गोड ओळखतात त्या जिभेवरच्या चवीच्या कळ्या. त्यांच्या पेशी साधारण दहा दिवसांनी बदलतात. शेकानं नव्या पेशी तयार होणं मंदावतं, म्हणून चव दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाते. लाळही आटते, आणि मीठ लाळेत विरघळल्याशिवाय कळीपर्यंत पोचतच नाही.

[गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर बसवताना.]

चव वाचवायची ती इथंच. शेकताना डोकं हलू नये म्हणून ही जाळी, म्हणजे मास्क. तो बनवताना दातांत एक ठोकळा देतात, तो जीभ निरोगी बाजूला सारतो. किरणांचा मारा जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या आयएमआरटी तंत्रानं कानाखालच्या लाळग्रंथींवरचा मारा कमी करता येतो. गाठ जिभेतच असेल तर जीभ वगळता येत नाही, हे खरं. पण विचारायचं ते मास्क व्हायच्या आधी. एकदा आखणी झाली की ती बदलणं जिकिरीचं.

झिंकच्या गोळ्या शेजारपाजारचे हमखास सुचवतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र त्या औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

मावशींच्या ओट्यावर तांब्या असायचा: लिटरभर कोमट पाणी, छोटा चमचा मीठ, तेवढाच खायचा सोडा. दिवसभर गुळण्या. स्टीलचा चमचा तोंडात लोखंडासारखा लागायचा, म्हणून लाकडी आणला. ताकातल्या कण्या, पातळ आंबील. चव नसली तरी वेळ झाली की खायचं, कारण वजन उतरलं की शेक थांबायची भीती.

[तीच कढई, पाच महिन्यांनी.]

चव महिन्या-महिन्यानं परत येते. कुणाला वर्ष लागतं, कुणाची पुरती येत नाही. पाच महिने मीठ सुनेच्या अंदाजानं पडत होतं. आज मावशींनी चिमूट तोंडात टाकली, जरा घोळवली.

"जास्त झालंय गं."

खरंच जास्त झालं होतं.