नकाशा मोठा करून बघा

(दृश्य : खानापूर तालुका, भीमगडचं जंगल. पाऊस नुकताच थांबलाय. ओढ्याचा आवाज.)

बेळगावला समुद्र नाही. म्हणून तर जरा सुट्टी लागून आली की आपण चोर्ला घाट उतरून गोवा गाठतो. पण हे पाणी बघा. ही म्हादई. इथं खानापूरच्या डोंगरात उगवते, गोव्यात मांडवी म्हणवून घेते आणि पणजीला समुद्राला मिळते. नौदलाच्या एका शिडाच्या बोटीला हिचंच नाव दिलं होतं, आणि ती बोट बांधलीही हिच्याच खालच्या अंगाला, दिवाडी बेटावर. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे त्या ‘म्हादई’वरून एकट्यानं पृथ्वीला फेरी मारून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. म्हणजे शिडाच्या बोटीशी आपलं नातं लांबचं का असेना, आहे.

याच जंगलात डिसेंबर 2024 मध्ये गोव्याला निघालेलं एक कुटुंब मोबाइलच्या नकाशावर विसंबून शिरलं. रस्ता संपला, रेंज गेली, रात्र गाडीतच काढली. सकाळी बरंच चालल्यावर कुठं रेंज आली, 112 ला फोन लागला आणि पोलिसांनी सोडवलं. बातमी वाचून आम्ही कट्ट्यावर पोट धरून हसलो होतो.

(दृश्य : निळं पाणी, डोंगराळ बेटं, खाडीत नांगरलेल्या बोटी.)

हा ग्रीस. पश्चिमेकडचा आयोनियन समुद्र. इथं शिडाची बोट आठवडाभर भाड्यानं मिळते, खलाशाविना नुसती बोट, आपण गाडी भाड्यानं घेतो तशी. फक्त परवाना दाखवावा लागतो आणि हाताशी अनुभवी दुसरा माणूस लागतो. आम्हा बेळगावकरांत परवाना एकट्या मामांकडं. मर्चंट नेव्हीत उमर गेलेली. दुसरा माणूस तिथलाच घेतला. बाकी आम्हा चौघांची पाण्याशी ओळख म्हणजे राकसकोपचं धरण आणि कळंगुटचा किनारा.

तरी आम्ही बोट चालवली. आलटून पालटून, सगळ्यांनी. ही किमया सुकाणूपुढच्या ताटाएवढ्या पडद्याची. आपण कुठं आहोत, खाली पाणी किती, वारा कुठून, समोरून येणाऱ्या जहाजाचं नाव काय आणि वेग किती, सगळं त्यावर. पुढचं शीड दुकानाच्या ताडपत्रीसारखं गुंडाळलेलं. दोरी ओढली की सुटतं. दिशा ठरवून दिली की सुकाणू आपलं आपण फिरतं. फ्रिज सौरऊर्जेवर. शेजारच्या बोटीवर तर एक जण उपग्रहाचं इंटरनेट लावून ऑफिसची मीटिंग करत बसला होता. “मग आला कशाला एवढ्या लांब?” मामा पुटपुटले.

मामांच्या तरुणपणी हे काहीच नव्हतं. कागदी नकाशा, होकायंत्र, पट्टी-पेन्सिल. जीपीएस आलं तेव्हाही अमेरिकी सरकार सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं. शंभरेक मीटर इकडंतिकडं व्हायचं. भर समुद्रात शंभर मीटरनं काही बिघडत नाही. पण बेटांत बिघडतं, कारण दोन खडकांमधली वाटच कधी कधी तेवढी नसते. मे 2000 मध्ये ती भेसळ बंद झाली. बेटांतल्या सुट्ट्या आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या त्या खऱ्या तेव्हापासून, असं माझं मत.

यंत्राचा फायदा नुसता आपल्यालाच होतो असंही नाही. स्पेनच्या बालेआरिक बेटांजवळ समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाच्या गवताची कुरणं आहेत. बोटींच्या नांगरांनी ती उपटली जात होती. 2018 पासून तिथं त्या गवतावर नांगर टाकायला बंदी आहे, आणि गवत कुठं, वाळू कुठं हे आता मोबाइलवर दिसतं.

(दृश्य : रात्रीचा समुद्र. पडद्याचा निळा उजेड.)

आता भीमगडच्या त्या हसण्याचं. 29 नोव्हेंबर 2014 ची रात्र. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘वेस्टास विंड’ ही बोट मॉरिशसच्या उत्तरेला भरधाव वेगात प्रवाळखडकावर चढली. बोटीवर नऊ जण, सगळे कसलेले. जीपीएस ठणठणीत. बोट नेमकी कुठं आहे ते त्यांना ठाऊक होतं. चूक एवढीच, की पडद्यावरचा नकाशा पुरेसा मोठा करून कुणी बघितला नव्हता. लांबून बघितला तर त्यावर तो खडक दिसतच नव्हता. माणसं सगळी वाचली. पण जगातले निवडक दर्यावर्दी जिथं फसले, तिथं गोव्याचा रस्ता शोधणाऱ्या कुटुंबाला हसणारे आम्ही कोण?

मामा रोज सकाळी चहाबरोबर वाऱ्याचे दोन अंदाज बघायचे, एक अमेरिकी, एक युरोपीय. जुळले तर शीड वर. नाही जुळले तर जवळचं बंदर धरायचं आणि मासे खायचे. आमची कशालाच हरकत नव्हती.

(दृश्य : पहाटेपूर्वीची खाडी. बोटीचं पुढचं टोक, ताणलेली साखळी.)

चौथ्या रात्री दोन वाजता मोबाइल बोंबलायला लागला. आमच्या चौघांतला एक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला फाउंड्रीवाला. त्यानं झोपण्याआधी नांगराचा गजर लावला होता. नांगराभोवती एक वर्तुळ आखायचं. बोट वर्तुळाबाहेर गेली, म्हणजे नांगर सुटला असेल, की गजर होतो. “मामा, बोट चाललीय!” तो ओरडला. आम्ही सगळे उघड्या पायांनी वर.

मामा धावले नाहीत. पुढं गेले, वाकले, साखळीवर तळवा ठेवला. नांगर तळावरून घसरत असेल तर साखळी थरथरते, गुरगुरते. ते हाताला कळतं. मग किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून बघत राहिले. दिवे जागचे हलले नाहीत.

“साखळी किती सोडली होती?”

“तीस मीटर.”

“आणि वर्तुळ?”

“तीसच.”

“बोट बारा मीटरची. मोबाइल कुठं ठेवलायस? मागच्या खोलीत, उशाखाली. ती लांबी कोण मोजणार बे?”

संध्याकाळी वारा नव्हता, साखळी तळाशी सैल पडून होती, म्हणून गजर गप्प. रात्री वारा सुटला, बोट मागं रेलली, साखळी ताणली, आणि उशाखालचा मोबाइल वर्तुळाबाहेर गेला. नांगर होता तिथंच होता.

“झोपा की आता,” म्हणून मामा खाली गेले.

फाउंड्रीवाल्यानं तिसाचे पन्नास केले. पण तो काही खाली आला नाही. उजाडेपर्यंत पुढंच बसून होता, मोबाइल खिशात आणि तळवा साखळीवर.